सावली घरी पोचेपर्यंत : गच्चीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

गुरुवार, २४ एप्रिल २०२५, रात्र

पावणेअकराला घरी पोचलो. पोर्ट ब्लेअरहून चेन्नई, तिथे विमान बदलून पुणे. पोर्ट ब्लेअरचं नाव गेल्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं, पण आमच्या तोंडी अजून जुनंच येतं.

आप्पा, माझे सासरे, गॅलरीत उभे होते. आम्ही बॅगा उतरवेपर्यंत जिन्यातले सगळे दिवे लागलेले. मंगळवारी पहलगामची बातमी आली तेव्हा आम्ही देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रात होतो. तरी तेव्हापासून आप्पांचे दिवसाला चार-चार फोन. सुट्टीला गेलेली माणसं घरी परतली नाहीत, त्यांत आपल्या पुण्याचीही होती, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. दारात त्यांनी आम्हा पाचही जणांना एकदा नजरेने मोजलं, मग बाजूला होऊन आत येऊ दिलं.

ताटं वाढलेली होती. वरण-भात, तूप, लिंबाचं लोणचं, भाजलेला पापड. सासूबाई प्रवासात आमच्यासोबत असल्यामुळे हा स्वयंपाक आप्पांचा. भात किंचित गिचका झाला होता आणि धाकट्याने अर्धवट झोपेत दोनदा मागून घेतला.

लेकीने झोपायच्या आधी ही वही माझ्या हातात दिली. म्हणाली, "आई, मापं मी घेईन, नोंदी तू लिही. तू बारीकसारीक पण लिहितेस." म्हणून लिहितेय.

प्रकल्प काय आहे ते आधी मांडते. सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि त्या दिवशी मध्यान्हीला, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो त्या वेळी, उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. हे फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांत घडतं. तो शून्य सावलीचा दिवस पोर्ट ब्लेअरला २० एप्रिलला असतो आणि पुण्याला १३ मेला. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपल्यावर लेकीने हे हेरलं आणि सहलीच्या तारखाच त्याप्रमाणे ठरवायला लावल्या. तिथली शून्य सावली आम्ही पाहिली. आता इथली यायची आहे. मधले दिवस रोज गच्चीवर मध्यान्हीची सावली मोजायची.

शुक्रवार, २५ एप्रिल

पहाटे पाचला धाकटा उठून बसला. "अजून अंधार का आहे?" बेटांवर पाच वाजता उजाडायचं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडायचा. आठवडाभरात त्याचं अंग त्या वेळेला सरावलं. काल चेन्नईच्या विमानतळावरही तो साडेसहालाच पेंगायला लागला होता.

आजीने त्याला मांडीवर घेतलं आणि स्वयंपाकघरातला दिवा लावून दूध तापवलं. पुण्यात उजाडायला सव्वासहा होतात. तासभर दोघं ओट्याशी बसून होती, ती त्याला समुद्राच्या गोष्टी सांगत आणि तो तिला. दोघांनी एकच समुद्र पाहिला, पण गोष्टी वेगळ्या होत्या. आजीच्या गोष्टीत सेल्युलर जेलच्या अंगणातली संध्याकाळ होती, त्याच्या गोष्टीत संन्यासी खेकडा.

घड्याळ एकच असून असं का होतं, ते लेकीने नाश्त्याला समजावलं. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे रेखावृत्ताची. पोर्ट ब्लेअर त्याच्या दहा अंश पूर्वेला, पुणे साडेआठ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. तिथला सूर्य घड्याळाच्या पुढे, आपला मागे.

बॅगा उघडल्या. वाळू कपड्यांच्या शिवणीत, चपलांच्या पट्ट्यांत, चष्म्याच्या डबीतसुद्धा. आजीने वर्तमानपत्र पसरून सगळ्यांचे बूट त्यावर झटकले. शंख, शिंपले, प्रवाळ बेटांवरून आणायला बंदी आहे आणि ती असावीच. धाकट्याने गोळा केलेले सगळे तिथेच किनाऱ्यावर ठेवून दिले होते, तेही रडत नाही, ओळीने मांडून. पण ही बुटातली चिमूटभर वाळू त्याला न मागता मिळाली. पडौकच्या लाकडाची एक छोटी वाटी आणली होती आम्ही, तिच्यात त्याने ती भरून ठेवली.

दुपारी आप्पांनी एक घडी केलेला आलेखकागद काढला. त्यावर बारीक अक्षरात २० एप्रिल. आम्ही तिकडे शून्य सावली बघत होतो त्याच दिवशी त्यांनी इथे गच्चीवर एक मीटरची पट्टी उभी करून सावली मोजली होती, एकट्याने. आमच्या दारापासून गच्चीपर्यंत अडतीस पायऱ्या आहेत. गुडघ्यामुळेच तर ते आमच्यासोबत आले नव्हते.

मी काही बोलणार, एवढ्यात लेकीने कागद हिसकावून घेतला आणि ओरडली, "आप्पा, बारा तेहेतीस!"

शनिवार, २६ एप्रिल

आजचा दिवस गणिताचा.

पोर्ट ब्लेअरची मध्यान्ह आम्ही ११ वाजून १८ मिनिटांनी नोंदवली होती. आप्पांची पुण्याची मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांनी. फरक ७५ मिनिटं, चाराने भागून पावणेएकोणीस अंश. नकाशाच्या पुस्तकात दोन गावांच्या रेखांशांत जवळजवळ एकोणीस अंशांचा फरक आहे. एका आजोबांनी आणि एका नातीने, एक पट्टी आणि एक पाण्याची बाटली घेऊन एवढं जवळ जावं, याचं मला अजून नवल वाटतंय.

खरी गंमत पुढे. आप्पांची सावली १२ सेंटिमीटर होती, पट्टी १०० ची. सूर्य डोक्यावरून जितका कलला तो कोन थीटा. म्हणजे टॅन थीटा (सावली भागिले पट्टी) ०.१२, थीटा ६.८४ अंश. त्या क्षणी नाही, पण त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरला सूर्य डोक्यावर होता. म्हणून हाच कोन दोन गावांच्या अक्षवृत्तांमधला कोन. मग दोघांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि दोन्ही अक्षवृत्तांमधलं उभं अंतर मोजलं. प्रमाणपट्टीने ७६० किलोमीटर निघालं. एका फेरीचे ३६० अंश, भागिले ६.८४, गुणिले ७६०.

लेकीला उत्तर आलं ४०,०००. आप्पांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं होतं. सिएनी गावात सूर्य डोक्यावर असतो त्या दिवशी अलेक्झांड्रियात सावली मोजली. लेकीने वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की सावलीत एक मिलिमीटरची चूक झाली असती तर आपलं उत्तर सव्वातीनशे किलोमीटरने इकडे-तिकडे गेलं असतं, तेव्हा नशिबाचीही साथ होती. हे वाक्य लिहायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला उत्तराइतकंच ते वाक्य आवडलं.

आप्पा बराच वेळ तो कागद हातात धरून बसले होते. मग आजीला म्हणाले, "अगं, पृथ्वी मोजली आपण." आजी भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि कागद समजून घेतला, सगळा, पहिल्या ओळीपासून.

रविवार, २७ एप्रिल

साधन बनवायचा दिवस. मुलांच्या बाबांना सुट्टी, त्यामुळे हात भरपूर.

अडचण अशी, की सूर्य म्हणजे काही टिंब नाही, त्याची थाळी अर्ध्या अंशाची. त्यामुळे मीटरभर उंचीच्या टोकाची सावली कडेला जवळजवळ एक सेंटिमीटर फिकट होत जाते, आणि शेवटच्या आठवड्यात तर आख्खी सावलीच एक-दोन सेंटिमीटरची असणार. टोक नेमकं कुठे संपलं ते डोळ्याला कळणारच नाही.

तोडगा आप्पांचा. चाळीस वर्षं बांधकामांवर देखरेख केलेला माणूस. म्हणाले, सावली मोजू नका, उजेड मोजा. पडद्याचा जुना ॲल्युमिनियमचा रॉड रिकाम्या कुंडीत वाळू-सिमेंट घालून उभा केला. वरच्या टोकाला जाड तार आडवी बांधली आणि तारेच्या टोकाला वायसर बसवला, बरोबर आडवा. वायसरच्या भोकातून येणारा उजेडाचा गोल ठिपका खाली फळ्यावर पडतो. ठिपका कडेला पुसट असला तरी त्याचा मध्य सहज काढता येतो. वायसरच्या भोकातून आप्पांनी ओळंबा सोडला, तो जिथे टेकला तिथे फळ्यावर टिंब. फळा पाणसळ लावून समतल केला, खाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून. वायसरपासून फळ्यापर्यंत बरोबर एक मीटर.

ओळंबा आप्पांचाच, पितळी, दोऱ्याची गुंडाळी जुनी. तो लोंबकळायचा थांबेपर्यंत कोणी श्वाससुद्धा जोरात घ्यायचा नाही असं त्यांनी बजावलं. धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पाच माणसं भर उन्हात एका दोऱ्याकडे बघत उभी. शेजारच्या गच्चीवरच्या काकूंनी "काय पूजा आहे का?" असं विचारलं.

आप्पांना वर येऊ द्यायचं की नाही यावर खाली वाद झाला. माझं म्हणणं नको. त्यांचं म्हणणं, "मी खाली बसून काय करू? तुम्ही ओळंबा वाकडा धराल." शेवटी ठरलं की दिवसातून एकदाच चढायचं, मधल्या मजल्यावर थांबायचं, आणि वर त्यांच्यासाठी खुर्ची नेऊन ठेवायची. खुर्ची नेली.

सोमवार, २८ एप्रिल

पहिलं नियमित माप. मध्यान्ह १२:३२. टिंबापासून उत्तरेला ७.४ सेंटिमीटर.

मुलांचे बाबा ऑफिसातून फोन करून आकडा विचारत होते.

बुधवार, ३० एप्रिल, अक्षय तृतीया

६.३ सेंटिमीटर.

सकाळी पूजा, मग आंब्याचा रस. पेटीतले आंबे आजीने आदल्या रात्री पाण्यात घातले होते. रस काढायला धाकटा बसला. कोपरापर्यंत माखला. बेटावर शहाळी पीत होता तेव्हा आजीला विचारायचा, "घरी आंबा पिकला असेल का?" आज पुऱ्या तळत असताना त्याने विचारलं, "तिथे आत्ता लाटा येत असतील का?" आजी म्हणाली, येतात की, आपण बघत नसलो तरी येतात.

साडेबाराला सगळे चिकट हातांनी गच्चीवर. फळ्याच्या कागदावर आजच्या तारखेपाशी रसाचा एक डाग आहे. लेक आधी चिडली, मग तिने डागाभोवती वर्तुळ काढून "अक्षय तृतीया" असं लिहून टाकलं.

शुक्रवार, २ मे

५.३.

धाकट्याला एक प्रश्न पडलाय, खरं तर बेटापासून पडलाय. २० तारखेला पोर्ट ब्लेअरच्या गच्चीवर तो उड्या मारत होता आणि पायाशी बघत होता. उडी मारली की पायाखालून एक काळा गोळा दिसायचा, टेकला की नाहीसा. त्याला वाटलं सावली तिथेच राहिली. इथे परत आल्यावर पहिल्या दुपारी तो पायऱ्या धावत चढला होता ते सावली आहे का बघायला. होती, वीतभरही नव्हती. "लहान झाली," म्हणाला.

आज आप्पांनी त्याला जवळ घेऊन सांगितलं. सावली राहिली नाही, सूर्य तिथे होता. आता सूर्य चालत निघालाय, तो आपल्याकडे येतोय. येईल तसतशी तुझी सावली तुझ्या पायाशी येईल.

"किती चालतो रोज?"

हिशेब केला. २० एप्रिल ते १३ मे, तेवीस दिवसांत ७६० किलोमीटर उत्तरेला. दिवसाला तेहेतीस. आप्पा दोनदा आळंदीहून पंढरपूरला पायी गेलेत. त्यांनी लगेच ताडून पाहिलं. "पालखी एवढं चालत नाही बुवा. भरभर येतोय."

लेकीने मग नकाशावर सूर्याचा मुक्काम रोज टाचणीने दाखवायचं ठरवलं आणि मागच्या तारखाही भरल्या. त्यात तिला सापडलं की २४ एप्रिलला, म्हणजे आम्ही चेन्नईत विमान बदलत होतो त्या दिवशी, शून्य सावली चेन्नईला होती. आम्ही काचेच्या आत बसून इडली खात होतो. बाहेर खांबांच्या सावल्या पायाशी गेल्या असतील, आणि आम्हाला पत्ताच नाही. ती खूप हळहळली. मीही.

सोमवार, ५ मे

३.८. आज जागेची टंचाई.

आजीचं वाळवण सुरू झालं. साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, उद्या कुरडया. धुतलेली जुनी धोतरं अंथरून अर्धी गच्ची भरली. फळ्याला सावली पडेल असं काही मधे यायला नको, आणि चकल्यांवर आमचे पाय पडायला नकोत. शेवटी खडूने रेघ मारून हद्द आखली. धाकट्याला कावळे हाकलायचं काम. तो दोन्ही प्रांतांचा राखणदार झालाय, हातात छत्री.

चकल्या घालताना आजी आणि लेक शेजारी बसल्या होत्या. सोऱ्या आजीच्या हातात, प्लॅस्टिक सरकवायला लेक. मी जिन्यावरून ऐकलं. लेक निकालाबद्दल बोलत होती. बीजगणिताचा एक प्रश्न चुकलाय, तो तिने घरात कोणाला सांगितला नव्हता, मलाही नाही. आजी मधे काहीच बोलली नाही, फक्त "हं" म्हणत गेली आणि चकल्या पाडत गेली. शेवटी म्हणाली, "ती ओळ वाकडी जातेय बघ, सरळ घे." मी आवाज न करता दोन पायऱ्या खाली उतरले आणि मग मुद्दाम पाय वाजवत वर आले.

मंगळवार, ६ मे

आज शून्य सावली कोल्हापूरला. आत्यांना काल लेकीने फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. साडेबाराला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात एक पितळी तांब्या, त्याभोवती आत्या, काका आणि शेजारची चार पोरं. तांब्याला सावली नाही. काकांनी स्वतःच डोकं खाली करून आपली सावली शोधून दाखवली.

आमच्याकडे त्याच वेळी ३.३. आत्या म्हणाल्या, "पाठवलाय गं तुमच्याकडे. सांभाळून घ्या."

बुधवार, ७ मे

२.८. आज रत्नागिरी.

सकाळपासून घरात टीव्ही चालू, सीमेवरच्या बातम्या. नाश्ता तसाच गार झाला. सव्वाबाराला आप्पांनीच टीव्ही बंद केला आणि काठी घेतली. गच्चीवर आज कोणी फारसं बोललं नाही. मापाच्या पाच खुणा केल्या, सर्वांत जवळची धरली, खाली आलो.

शनिवार, १० मे

माप नाही.

आप्पांचा गुडघा सुजलाय. काल रात्री लपवत होते. मी शेकायला पिशवी दिली आणि आज वर जायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. साडेबाराला आम्ही सगळे तयार, आणि लेक म्हणाली, "आप्पा नाहीत तर माप नाही." मी तिला समजावलं की प्रकल्पात एक आकडा राहील. ती म्हणाली, राहू दे, तिथे तसं लिहू. म्हणून लिहितेय. आजचा सूर्य साताऱ्यावर आणि सोलापूरवर होता. आम्ही सहाही जण बाहेरच्या खोलीत पत्ते खेळत होतो.

चारला आभाळ भरून आलं, वादळी वारा. कुरडया गोळा करायला सगळी धावली. रॉडला प्लॅस्टिकची पिशवी घातली, फळा आत घेतला. काही कुरडया ओल्या झाल्या. त्या आजीने रात्री पंख्याखाली पसरल्या आणि घरभर गव्हाच्या चिकाचा आंबूस वास पसरला.

रविवार, ११ मे

फळा पुन्हा बसवला, ओळंबा पुन्हा सोडला, तोही आप्पांनीच. मुलांच्या बाबांनी त्यांना खुर्चीवर बसवून वर न्यायचा घाट घातला होता. आप्पांनी तो मोडून काढला आणि धाकट्याचा खांदा धरून चढले. धाकटा प्रत्येक पायरी मोठ्याने मोजत होता. बारा झाल्या की थांबायचं असा त्याने स्वतःच नियम केला, आणि आप्पांनी तो पाळला.

०.९. उजेडाच्या ठिपक्याची कड आता टिंबाला जवळजवळ टेकते.

सोमवार, १२ मे

०.५. दुपारी जाहीर झालं की दहावीचा निकाल उद्या एक वाजता.

लेक बराच वेळ गप्प होती. मग हिशेब करून म्हणाली, "सावली बारा एकतीसला. मधे एकोणतीस मिनिटं आहेत."

रात्री ती झोपली नव्हती. मी पाणी प्यायला उठले तर गॅलरीत. शेजारी जाऊन उभी राहिले. तिने आपणहून बीजगणिताच्या प्रश्नाचं सांगितलं. मी ऐकलं, पहिल्यांदाच ऐकतेय असं.

मंगळवार, १३ मे २०२५

सकाळी ढग. दहाला ऊन, अकराला पुन्हा ढग. आजीने देवापाशी दिवा लावला, निकालासाठी की ढगांसाठी ते मी विचारलं नाही. मुलांच्या बाबांनी अर्धा दिवस रजा काढली.

बाराला सगळे वर. आप्पा खुर्चीत, घड्याळ हातात. फळ्यावर धाकट्याने पडौकची वाटी ठेवली होती, ती त्याला सांगून बाजूला घेतली. बारा वीसला ढगाची कड सूर्यावरून सरकली, पुसट ठिपका दिसला, गेला. बारा सव्वीसला पुन्हा दिसला, टिंबाच्या पश्चिमेला. म्हणजे येतोय. मग गेला. कोणी काही बोलेना. धाकट्याने छत्री मिटून काखेत धरली होती.

बारा तीसला ऊन पडलं. चांगलं, टणक ऊन. ठिपका टिंबाच्या अलीकडे बोटभरही उरला नव्हता. तो सरकताना दिसत नाही, पण सरकतो. लेक गुडघ्यांवर बसून फळ्याला नाक लावून बघत होती. आप्पांनी "एकतीस" म्हटलं तेव्हा टिंब ठिपक्याच्या अगदी मधोमध होतं. वायसरपासून एक मीटर खाली, एका भोकातून आलेला उजेड आणि ओळंब्याचं टोक एकाच जागी.

धाकट्याने पायाशी पाहिलं, उडी मारली, पुन्हा पाहिलं. "पोचला," एवढंच म्हणाला. मग आप्पांजवळ जाऊन त्यांची काठी उभी धरायला सांगितली. काठीलाही सावली नाही. आजीने पाण्याचा तांब्या ठेवला. मी हातातला पेन उभा केला. तीन मिनिटं आम्ही घरातल्या सापडेल त्या वस्तू उभ्या करून बघत होतो. कोल्हापूरला आत्यांना फोन लावला आणि धाकट्याने सांगितलं, "आला, मिळाला."

मग पुन्हा ढग.

एक वाजता आम्ही गच्चीवरच होतो. संकेतस्थळ उघडेना, सगळा महाराष्ट्र एकदम तिथे. एक वाजून अकरा मिनिटांनी उघडलं. लेकीने फोन आधी आप्पांच्या हातात दिला. आप्पांचा चष्मा खाली राहिला होता. मग आजीने वाचलं, एकेक विषय, सावकाश. ८८.६० टक्के. बीजगणिताचा प्रश्न गेलाच होता. तरी गणितात गुण चांगले होते.

आजी म्हणाली, "सरळ आली की ओळ." लेक हसली आणि रडायला लागली आणि आजीच्या पदराला डोळे पुसले. बाकी कोणाला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. मला कळला.

पेढे संध्याकाळी आणले. दुपारी शिऱ्यावर भागवलं.

बुधवार, १४ मे

०.४, पण दक्षिणेला. सूर्य पुण्यावरून पुढे गेला. परवापर्यंत मुंबईच्या अंगावर, मग आणखी वर, २१ जूनला कर्कवृत्तापर्यंत, आणि तिथून मागे.

सकाळच्या पेपरात बातमी होती. काल, म्हणजे १३ तारखेलाच, मॉन्सून निकोबार बेटांवर पोचला. लेकीने नकाशावर दुसऱ्या रंगाची टाचणी घेतली, निळी.

सोमवार, २६ मे

निळी टाचणी २४ला केरळात होती, २५ला तळकोकणात. आज वेधशाळेने मॉन्सून पुण्यात आल्याचं जाहीर केलं. इतक्या लवकर तो आलेला आप्पांनाही आठवत नाही.

काल रात्रीच रॉड उपटून ठेवला. कुंडीतलं सिमेंट निघालं नाही, म्हणून तिच्या कडेकडेने माती भरून आजीने गवती चहा लावला. ओळंबा पुसून, तेलाचा हात लावून, आप्पांनी लेकीच्या टेबलाच्या खणात ठेवला. काही बोलले नाहीत. तिने खण लावून घेतला.

टिंब तेवढं राहू दिलं. फळा उचलायच्या आधी त्याच जागी फरशीवर ऑइलपेंटने काढून घेतलंय, पांढरं, चवलीएवढं. दुपारी पाऊस सुरू झाला तेव्हा धाकटा अनवाणी वर पळाला आणि बरोबर त्या टिंबावर उभा राहिला. हातात पडौकची वाटी. तळाशी वाळू, वर पाणी भरत गेलेलं. आप्पा जिन्याच्या दारात, कोरड्यात, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"आप्पा, हा पण तिकडूनच आला?"

"तिकडूनच."

पुढचं माप ३० जुलैच्या आसपास, परतीच्या सूर्याचं. ढग उघडले तर.